मागच्या धुऱ्याकडून

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत येतो. गल्लीत अनोळखी कुत्रं दिसलं की रस्ता बदलतो. दाढी करताना न्हाव्याची नजर टीव्हीकडे वळली की माझा जीव वरखाली होतो. अमरावतीत माझं चष्म्याचं दुकान आहे. त्या धंद्यात भिण्यासारखं काही नाही, म्हणूनच तो मला मानवला. असल्या माणसानं पंचेचाळिशी उलटल्यावर अशी मोटारसायकल घ्यावी की जिच्यावर बसलं तर दोन्ही पाय एकदम जमिनीला टेकत नाहीत, याला काय म्हणायचं? माझी बायको जे म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

या जातीच्या गाडीला ड्युअल स्पोर्ट म्हणतात. डांबरी रस्त्यावर चालणार आणि वावरातही चालणार. दिवे, आरसे, नंबर प्लेट सगळं रीतसर असतं, पण अंगकाठी उंच आणि सडपातळ, पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर वर, टायरला जाड जाड गट्टू. दोन्हीकडे चालते असं विकणारे सांगतात. चालवणारे मात्र जरा ओळख वाढली की कबूल करतात, दोन्हीकडे थोडी थोडी छळते.

मी ती अकोल्याच्या एका दातांच्या डॉक्टरकडून घेतली. तो माझं जुनं गिऱ्हाईक. एका नाल्यात पडून त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं आणि त्याच्या बायकोनं गाडी किंवा संसार असा हिशेब समोर ठेवला होता. चावी हातात देताना तो म्हणाला, “भेव वाटते तोवर चालव. भेव गेलं की मले फोन कर, कोणाले इकाची ते मी सांगतो.” मी हसलो. मग त्याच चावीनं गाडी सुरू करून अकोल्याहून अमरावतीला निघालो आणि हसू मूर्तिजापूरच्या आधीच विरून गेलं. मोठ्या रस्त्यावर ते टायर भुंग्यासारखे गुणगुणतात. सीट म्हणजे फळी. शेजारून ट्रक गेला की वारा आधी गाडीला ओढतो, मग ढकलतो. घरी पोचलो तेव्हा माझी बोटं हँडलवरून सुटेनात. बायकोनं ती एक एक करून सोडवली आणि तोंडानं काय काय बोलत होती ते आधीच सांगितलं.

चढायचं कसं हा पहिला प्रश्न. मी गाडी घराच्या ओट्याला लावतो आणि ओट्यावरून टांग टाकतो. समोरच्या काकू रोज न चुकता म्हणतात, “निघाले का नवरदेव घोड्यावर?” पण चढण्यापेक्षा थांबणं अवघड. सिग्नलला डाव्या पायाचा चवडा कसाबसा टेकतो, बाकी सगळा भार देवावर. लोकांना स्वप्नात गाडी दरीत जाताना दिसत असेल. माझ्या स्वप्नात ती चौकात, लाल दिव्यापाशी, हळूहळू एका बाजूला कलते आणि माझा पाय खाली जमीन शोधत राहतो. बस, एवढंच स्वप्न. घामानं गंजी भिजते.

मग चालवतोस कशाला, असं माझी मुलगी विचारायची. ती आता कॉलेजात आहे. हेल्मेट घालून माझ्या मागे बसणारी घरातली ती एकटीच.

तिला मी सांगितलं ते असं. मी वावरात वाढलो. अंजनगाव सुर्जीच्या पुढे आमचं गाव आहे, वडिलांचं वावर आहे, ते आता माझा मोठा भाऊ करतो. थोडा संत्रा, तूर, आणि पाण्याची सोय झाल्यापासून हरभरा. मी शिकायला म्हणून बाहेर पडलो आणि शिवाराशी माझा संबंध डांबरापुरता उरला. बसनं जायचं, पुढे कारनं जायला लागलो, फाट्यावर उतरायचं, ओळखीच्या एकाच पांधणीनं, म्हणजे बैलगाडीच्या वाटेनं, पाहुण्यासारखं वावरात शिरायचं आणि दुपारची भाकर खाऊन परतायचं. लहानपणी ज्या नाल्यातून, ज्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, मी उंडारलो होतो ते सगळं कारच्या काचेबाहेर राहून गेलं होतं. या गाडीनं ते मला परत दिलं. खराब वाटेवर ही गाडी बसून चालवायची नसते. फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघे सैल सोडायचे आणि गाडीला खालच्या खाली नाचू द्यायचं. उभं राहिलं की डोकं तुरीच्या शेंड्यांवर निघतं. उत्तरेला मेळघाटाचे डोंगर दिसतात, हरभऱ्यावरच्या दवाचा आंबट वास हेल्मेटात शिरतो, आणि कुणाचं वावर कुठे संपतं हे माणसाला वरून दिसायला लागतं. माझ्यासारख्या ठेंगण्या माणसाला हे सुख दुसरं कोण देणार?

भीती तेव्हाही असतेच. आमच्या काळ्या मातीला पाणी लागलं की तिचा स्वभाव बदलतो. एका भादव्यात मी एकटाच चांदूर रेल्वेच्या बाजूला एका पांधणीत शिरलो आणि शंभर पावलांत मागचं चाक मातीनं गच्च भरून थांबलं. दोन्ही बाजूंना डोक्याएवढी कपाशीची पऱ्हाटी. फोनला रेंज नाही. काडीनं माती उकरत बसलो तर पऱ्हाटीत काहीतरी सळसळलं. ते काय होतं मला आजही माहीत नाही, मी बघितलंच नाही. मी चाकाकडे बघत मोठ्यानं आरती म्हणायला लागलो. या गाडीचा मोठा अवगुण तो हाच: ती माणसाला अशा जागी नेऊन सोडते जिथं त्याला कुणी शोधायला येणार नाही, कारण तिथं कुणी जातच नाही.

हे वाक्य मी तेव्हा सहज म्हणायचो. त्याचा अर्थ मला पुढे एका माघातल्या सकाळी कळला.

त्याआधी भावाच्या तारेबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे रानडुकरांचा त्रास फार. हरभरा घाट्यावर आला की कळप येतो आणि एका रात्रीत खाल्लं त्याहून जास्त तुडवून जातो. लोक वावराभोवती जुन्या साड्या बांधतात, रात्रभर डबे बडवतात, फटाके फोडतात. भावानं हे सगळं केलं. मग एका वर्षी त्यानं वावराच्या चारही बाजूंनी गुडघ्याच्या उंचीवर, बांबूच्या खुंट्यांवरून, उघडी तार ओढली आणि ती विहिरीवरच्या मोटरच्या पेटीला जोडली. हलका झटका देणारं मशीन नव्हे, सरळ लाईन, खांबावरची वीज. असं करू नये, हे बेकायदा आहे, माणसं मरतात, हे त्याला माहीत होतं. मीही दोनदा भांडलो. “तू तिथी चष्मे इकतं,” तो म्हणाला, “तुह्या दुकानात डुक्कर शिरलं असतं म्हंजे समजलं असतं तुले.” 

त्याची एक पद्धत होती आणि त्या पद्धतीवर साऱ्या घराचा भरवसा होता. आमच्याकडे शेतीची लाईन एक आठवडा रात्री असते आणि एक आठवडा दिवसा. रात्रीच्या आठवड्यात भाऊ अंधार पडायच्या आत तार जोडून पांधणीकडच्या खुंटाला लाल फडकं बांधायचा. रात्री लाईन आली की तारेत जीव यायचा, पहाटे लाईन गेली की तार आपोआप मरायची. सकाळी सावकाश वावरात येऊन तो फडकं सोडायचा, तार काढायचा. दिवसाच्या आठवड्यात तार जोडायचीच नाही, तेव्हा पुन्हा साड्या आणि डबे. त्यामुळे दिवसा तार मेलेली असते, हे आमच्या घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. वहिनी तिच्यावर ओली ओढणी वाळत घालायची. माझी मुलगी ती उचलून खालून वाकून जायची. मीही जायचो.

त्या रविवारी मुलगी म्हणाली, “बाबा, मोठेबाबांकडे जाऊ. घाटे खायले.” थंडी होती, धुई म्हणजे धुकं पडलेलं. परतवाड्याच्या रस्त्यानं निघालो, मग अंजनगावकडे वळलो. डांबरावर गारठून दोघंही मेलो. फाटा आला आणि मला लहर आली. म्हटलं, पांधणीनं तर नेहमीच जातो, आज नाल्यातून जाऊ. नाला कोरडा होता. तो वळत वळत आमच्या वावराच्या मागच्या धुऱ्यापाशी येतो. लहानपणी मी तिथूनच पळून जायचो. गाडी नसती तर हे सुचलंही नसतं. कारनं जाता येत नाही आणि पायी एवढं लांब कोण जातं?

नाल्यातली रेती, गोटे, मधेच चिखलाचं एक डबकं. मी उभा राहून चालवत होतो, मुलगी मागून माझ्या जॅकेटला घट्ट धरून ओरडत होती, आनंदानं. मी तीस वर्षांनी तिथून जात होतो. खरं सांगतो, त्या वेळी मला भीती वाटत नव्हती. डॉक्टरला फोन करायची वेळ आली की काय, असंही मनात येऊन गेलं.

धुऱ्याचा चढ उभा होता. वर चढलो आणि अगदी माथ्यावर क्लच सोडताना गडबड झाली, गाडी बंद पडली. डाव्या पायाचा चवडा कसाबसा एका ढेकळावर टेकला. समोर दोन हातांवर तार, तिच्यापलीकडे आमचा हरभरा, दवानं पांढरा झालेला. धुईत विहिरीवरची खोली अंधुक दिसत होती. मुलगी मागून उतरली, हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून पुढे गेली. “मी उचलतो तार, तुमी घाला गाडी,” ती मागे न बघता म्हणाली. आमच्याकडे मुली अशाच बोलतात.

तेवढ्यात मला आवाज आला.

आधी लांबून, डोंगराच्या बाजूनं, एका मोटरची घरघर. मग जरा जवळ दुसरी. मग शेजारच्या विहिरीवरची, आणि लगेच हौदात धबाधबा पाणी पडल्याचा आवाज. आमच्याकडे सगळ्यांनी मोटरीला ऑटो लावलेला असतो, लाईन आली की मोटर आपली आपण सुरू होते. ज्याचं लहानपण वावरात गेलं त्याला हा आवाज सांगावा लागत नाही. लाईन आली, एवढंच मला कळलं, आणि चांगलं वाटलं. मग तारेखाली माझी नजर गेली. तिथं एक ससा पडला होता, पाय ताठ. त्याच्या अंगावर दव होतं, म्हणजे तो रात्रीचा होता. आणि तो अजून तिथंच होता, म्हणजे भाऊ सकाळी आलाच नव्हता, तार रात्रीपासून जोडलेलीच होती. आठवडा आज पालटला होता. आता दिवसाची लाईन सुरू झाली होती.

हे लिहायला जेवढा वेळ लागला त्याच्या शंभराव्या हिश्शात ते कळलं.  मी ओरडलो, पण काय ओरडलो ते मलाच ऐकू आलं नाही. तिच्या कानावर हेल्मेट होतं आणि शेजारी हौदात पाणी पडत होतं. ती वाकली होती. उजवा हात पुढे गेला होता. गाडीवरून उतरून धावायचं तर आधी स्टँड लावायचा, मग ती उंच टांग मागून फिरवायची, आणि माझा एकच चवडा त्या ढेकळावर. मी अडकलो होतो. मी हँडल सोडून दिलं आणि अंग डाव्या बाजूला झोकलं.

गाडी माझ्यासकट आपटली. आरसा फुटला, पत्रा वाजला, माझा पाय खाली सापडला. त्या आवाजानं ती दचकून वळली. “बाबा!” करून माझ्याकडे धावली.

“तारेले हात लावू नको!” मी म्हणालो. एकदा म्हणालो, दहादा म्हणालो. ती माझ्याजवळ येऊन गाडी उचलायला लागली तरी मी तेच म्हणत होतो. तिनं विचारलं, “लावला नाही ना मी. काय झालं?” मी सशाकडे बोट दाखवलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं आपला उजवा हात डाव्या हातात धरला आणि खाली बसली.  

चढावर रेंज होती. मी भावाला फोन लावला.

“काहून बे, येवढ्या सकाळी?” तो खुशीत होता. “गाय याली लेका. कालवड झाली. घरीच हाव मी, तिच्याजवळ.”

“भाऊ, तार चालू हाय.”

“कोणती तार? लाईन रातची हाय ना.”

“आज पालटली. मोटरा सुरू झाल्या. मी मागच्या धुऱ्यावर हाव, पोरगी होती संगं. हात लावून राह्यली होती ते.”

 मला वाटलं फोन कटला. मग भावाचा आवाज आला, पण तो त्याचा वाटत नव्हता.

“तुही वैनी,” तो म्हणाला. “म्याच धाडली तिले. गाईले हिरवं गवत पायजे म्हणून. मागच्याच धुऱ्यानं येते ते.”

“कधी गेली?”

“लय वेळ झाला,” तो म्हणाला. आणि मग फोनमधून नुसते पळणाऱ्या पावलांचे आवाज यायला लागले.

मी इकडे तिकडे पाहिलं. धुई होती. धुऱ्यावरचं गवत उंच होतं. त्यात कुणी पडलेलं असतं तर दहा हातांवरूनही दिसलं नसतं. मुलीनं वहिनीला “मोठ्याई!” अशी हाक मारली. हौदातलं पाणी पडत राहिलं. ती पुन्हा ओरडली, तिचा आवाज फाटला. कुणी ओ दिली नाही.

तार बंद करायची तर विहिरीवरच्या खोलीत जायला हवं होतं आणि ती तारेच्या आत होती. तारेला वाट एकच, पलीकडे पांधणीकडून. वावराला वळसा घालून पायी जायचं म्हणजे ओल्या धुऱ्यावरून, त्या तारेला खेटून. मी मुलीला म्हटलं, तू इथंच उभी राहा, एक पाऊल हलू नको, फक्त हाका मार. दोघांनी मिळून गाडी उभी केली. तिनं ती धरली, मी धुऱ्याच्या उंचवट्यावरून टांग टाकून बसलो आणि उलटा नाल्यात उतरलो.

तो प्रवास मला तुकड्यातुकड्यानं आठवतो. मी उभा होतो आणि गाडी गोट्यांवरून उडत होती. डबक्यात मागचं चाक पार आडवं झालं. एरवी मी तिथं जीव मुठीत धरून ब्रेक दाबला असता, त्या दिवशी जोर दिला. डाव्या पायातून कळा येत होत्या. मला एकच दिसत होतं, धुऱ्यावरच्या गवतात वहिनीची नेहमीची हिरवी साडी. वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होतो. आई गेल्यावर माझा डबा तिनंच केला. ती वाटेत पडलेली असेल आणि मी तिच्याजवळून या आवाज करणाऱ्या गाडीवरून तसाच निघून जाईन, असं वाटून मी नाल्यातून जाताना दोन्ही काठांकडे बघत होतो आणि बघायची भीतीही वाटत होती.

पांधणीला लागलो. खुंटाला लाल फडकं बांधलेलं होतं, जिकडून लोक येतात तिकडे. आमच्या मागच्या धुऱ्यावर फडकं कधीच नव्हतं. तिकडून कोण येणार, असंच सगळ्यांनी धरलेलं. तिकडून वहिनी यायची. पण ती घरचीच, तिला माहीत असतं, म्हणून तिला कुणी मोजलंच नव्हतं.

खोलीपाशी गाडी टाकून दिली. दुसऱ्यांदा पडली ती त्या सकाळी. आत आमची मोटर चालू होती. मेन स्विचचा दांडा खाली ओढला, मग पेटीतून तारेचा आकडा कोरड्या काडीनं काढून लांब फेकला. मोटर घरघरत थांबली. बाहेर येऊन मी हाक मारली. “वैनी!” धुईत हाक कुठवर जाते कळत नाही. लांबून मुलीची हाक आली, तीही वहिनीलाच होती. म्हणजे तिकडेही ती नव्हती. मी तारेच्या कडेकडेनं निघालो. तार मेली होती, मीच मारली होती, तरी तिच्यापासून अंग चोरून चालत होतो. एका ठिकाणी गवतात काही हिरवं दिसलं आणि माझे पाय थांबले. पुढे जाववेना. ती साडी होती, डुकरांसाठी बांधलेली जुनी, खुंटावरून घसरून पडलेली.

मी तिथंच उभा असताना भाऊ आला. घरापासून वावरापर्यंत तो पळत आला होता, पायात चप्पल नाही, दोन्ही हात कोपरापर्यंत गाईच्या विण्यानं माखलेले, त्याला माती चिकटलेली. माझ्याकडे त्यानं विचारण्यासाठी पाहिलं. मी मान हलवली, सापडली नाही अशा अर्थानं. त्यानं दुसराच अर्थ घेतला. तो होता तिथं बसला आणि असा काही रडायला लागला की मला आधी कळेनाच हा आवाज कुणाचा. वडील गेले तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

“नाही, भाऊ, सापडली नाही म्हणून राह्यलो मी,” मी म्हणालो. त्याला ऐकू येत नव्हतं.

आणि मग शेजारच्या वावरातून, संत्र्याच्या झाडांमधून, डोक्यावर गवताचा हा एवढा भारा घेऊन वहिनी आली. शेजारच्याच्या धुऱ्यावर गवत जास्त कोवळं होतं, आणि त्याची मोटर चालू असली की विळ्याचा आवाज त्याला जात नाही, म्हणून ती आज तिकडे शिरली होती. हाका तिनं ऐकल्या होत्या. चोरी पकडली गेली असं वाटून ओ दिली नव्हती.

तिनं भावाला तसं बसलेलं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

“गाय गेली का जी?” तिनं विचारलं.

भावानं वर पाहिलं. 

“मंग कालवड गेली? बोला ना.” ती माझ्याकडे वळली. “काहून रडून राह्यले हे?”

मीच सांगितलं. तार, पालटलेली लाईन, ससा, पोरीचा हात.  ती ऐकत होती, डोक्यावर भारा तसाच. मग तिनं मागच्या धुऱ्याकडे पाहिलं, जिकडून ती रोज यायची.  भारा तिनं खाली टाकला, भावाजवळ गेली आणि त्याच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला. मग दुसरा. तिसऱ्याला हात उचलला, पण तो तिला खाली आणता आला नाही. ती त्याच्या शेजारी मटकन बसली, त्याचे ते बरबटलेले हात आपल्या पदरात ओढून घेतले आणि म्हणाली, “डुकराईनं खाल्ला असता हरभरा तं मी तुमाले बोलली असती का जी? कधी बोलली का मी?”

भावानं मान हलवली. नाही, ती कधीच बोलली नव्हती.